गाडीचे इंजिन मिसिंग करते तेव्हा : बागायतदारांसाठी तपासणी व दुरुस्ती

मार्च ते मे या काळात देवगड, मालवण, वेंगुर्ले या किनारपट्टीवर आंबा काढणीची घाई असते. झाडावरून उतरविलेला हापूस वाशीच्या बाजारात किंवा घाट चढून कोल्हापूर, बेळगावला वेळेवर पोचला तरच त्याला दर मिळतो. मोठे बागायतदार ट्रकने माल पाठवितात. परंतु बागेतून घरापर्यंत, घरून ट्रान्सपोर्टपर्यंत आणि पुष्कळदा थेट घाटावरच्या गिऱ्हाइकापर्यंत पेट्या नेण्याचे काम लहान पेट्रोल गाडीच करते. मारुती ओम्नीचे उत्पादन २०१९ मध्ये बंद झाले, तरी मागची सीट काढून पेट्या रचलेल्या ओम्नी आजही वाड्यावाड्यांतून दिसतात. जोडीला ८००, अल्टो, ईको या गाड्या आहेतच. ऐन हंगामात अशी गाडी करूळच्या किंवा फोंड्याच्या घाटात दुसऱ्या गिअरमध्येही धापा टाकू लागली, तर गाडीचे नुकसान थोडे आणि मालाचे फार होते.

गाडीला धक्के बसतात, पिकअप मिळत नाही, उभी असताना सीट थरथरते, अशा वेळी मिस्त्री म्हणतात, ‘इंजिन मिसिंग करते.’ म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल व हवेचे मिश्रण वेळेवर पेटत नाही. हा दोष बहुधा किरकोळ असतो, पण तो नेमका कोठे आहे हे न शोधता एकामागून एक सुटे भाग बदलत गेल्याने खर्च वाढतो. प्रस्तुत लेखात दोष शोधण्याची पद्धत दिली आहे. त्यातील निम्म्याहून अधिक काम बागायतदार बंधूंना खळ्यात उभे राहून स्वतः करता येईल.

इंजिनाला काय लागते?

पेट्रोल इंजिनाचा प्रत्येक सिलिंडर चार कामे करतो : मिश्रण आत ओढणे, ते दाबणे, ते पेटून पिस्टन खाली ढकलला जाणे आणि जळका धूर बाहेर टाकणे. क्रँकच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. ओम्नी व ८०० यांच्या ७९६ सी.सी. इंजिनाला तीन सिलिंडर आहेत आणि ते १-३-२ या क्रमाने पेटतात. गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला सुमारे ९०० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडर मिनिटाला ४५० वेळा पेटायला हवा. तीनपैकी एक बंद पडला म्हणजे ताकद एक तृतीयांश कमी झाली असे वाटते. प्रत्यक्षात त्याहून जास्त कमी होते, कारण उरलेल्या दोघांना तिसऱ्याचा पिस्टनही फुकट ओढावा लागतो.

न पेटलेले पेट्रोल कोठे जाते याचाही विचार करावा. काही भाग सिलिंडरच्या भिंतीवरील ऑईलचा थर धुऊन खाली उतरतो आणि इंजिन ऑईल पातळ करतो. बाकीचा सायलेन्सरकडे जातो. नवीन गाड्यांत तेथे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. त्यात हे पेट्रोल जळू लागले की तो तापून लाल होतो व आतून वितळतो. गाडी वाळलेल्या गवतावर उभी असेल तर आग लागण्याचाही संभव असतो. शंभर-दोनशे रुपयांच्या प्लगकडे दुर्लक्ष केल्याने हजारोंचा कन्व्हर्टर जातो तो असा. म्हणून ‘हंगाम संपला की बघू’ हे धोरण येथे परवडणारे नाही.

सिलिंडर पेटण्यास तीन गोष्टी लागतात : वेळेवर पडणारी जोरदार ठिणगी, योग्य प्रमाणातील मिश्रण आणि पुरेसे कॉम्प्रेशन. तपासणीही याच क्रमाने करावी. ठिणगीचे दोष सर्वांत जास्त आढळतात आणि तपासायलाही सोपे असतात. कॉम्प्रेशनचे दोष कमी आढळतात, पण त्यांना इंजिन उघडावे लागते.

सर्व सिलिंडर की एकच?

ठिबक सिंचनाचे उदाहरण घेऊ. बागेतील एकच कलम सुकत असेल तर आपण त्याचा ड्रिपर व लॅटरल बघतो. सर्व कलमांना पाणी कमी पडत असेल तर पंप आणि फिल्टरकडे जातो. इंजिनाचेही तसेच आहे. कॉईल, पॉइंट, कन्डेन्सर, पेट्रोल फिल्टर, पेट्रोल पंप, कार्बोरेटर हे सर्व सिलिंडरांचे सामाईक भाग होत. ते बिघडले तर सर्व सिलिंडर आळीपाळीने चुकतात. प्लग, प्लगची वायर, डिस्ट्रिब्युटर कॅपमधील त्या वायरचे घर, इंजेक्टर, व्हॉल्व्ह हे ज्याचे त्याचे स्वतंत्र भाग आहेत. यातला दोष एकाच सिलिंडरला मारतो.

सायलेन्सरच्या तोंडाशी कागदाचा तुकडा धरून पाहावा. निरोगी इंजिनात कागद एकसारखा फडफडतो. एक सिलिंडर मेलेला असेल तर ‘फट्-फट्-गप, फट्-फट्-गप’ असा ठराविक ताल लागतो. चुकणे अधूनमधून, बेताल असेल तर सामाईक भागांवर संशय घ्यावा. हे काम उघड्यावरच करावे. बंद मांगरात इंजिन चालू ठेवू नये, त्याचा धूर विषारी असतो.

दोष केव्हा येतो हेही लक्षात ठेवावे व मिस्त्रीला सांगावे. सकाळी गार असताना, विशेषतः पावसाळ्यात, मिसिंग येते व गाडी तापल्यावर जाते, तर विजेच्या वायरिंगमध्ये ओल आहे. फक्त चढावर भार पडल्यावर येते, तर प्लगचा गॅप वाढला आहे, ठिणगी कमजोर आहे किंवा पेट्रोल कमी पोचते आहे. गाडी चांगली तापल्यावरच येते, तर कॉईल किंवा कन्डेन्सर पाहावा. उभ्या गाडीत येते व रेस दिल्यावर जाते, तर बाहेरची हवा कोठून तरी आत शिरत असावी किंवा व्हॉल्व्ह नीट बसत नसावा. काल गॅरेजातून आणली आणि आज मिसिंग सुरू झाले, तर दोन वायरींची अदलाबदल झाली आहे काय, हे सर्वांत आधी पाहावे.

मेलेला सिलिंडर कसा ओळखावा?

पुढील रीत कार्बोरेटर व डिस्ट्रिब्युटर असलेल्या जुन्या गाड्यांसाठी आहे. एक चांगला जादा प्लग जवळ ठेवावा. इंजिन बंद करून पहिल्या सिलिंडरच्या प्लगची वायर काढावी. ओढताना वायर न धरता टोकाची रबरी टोपी धरावी. त्या टोपीत जादा प्लग घालून त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या धातूला पक्का टेकेल असा तारेने बांधावा. पेट्रोल कोठे गळत नाही याची आधी खात्री करावी. आता इंजिन सुरू करून ऐकावे. इंजिन आधीपेक्षा जास्त अडखळले तर तो सिलिंडर काम करीत होता. काहीच फरक पडला नाही तर तोच मेलेला सिलिंडर. याच रीतीने दुसरा व तिसरा तपासावा. वायर नुसती मोकळी लोंबत ठेवून इंजिन चालवू नये, कारण ठिणगीला वाट न मिळाल्यास कॉईलचे आतले आवरण फुटते. चालू इंजिनात हाताने वायर ओढण्याची काही मिस्त्रींना सवय असते. त्यांचे अनुकरण करू नये. तो झटका हजारो व्होल्टचा असतो.

याच परीक्षेत दुसरे उत्तरही मिळते. मेलेल्या सिलिंडरच्या वायरीवर बांधलेल्या जादा प्लगवर निळी, तटतटणारी ठिणगी पडत असेल तर वायरीपर्यंतचा मार्ग बहुधा ठीक आहे. दोष त्याच्या स्वतःच्या प्लगमध्ये किंवा कॉम्प्रेशनमध्ये आहे. ठिणगी पिवळी, मरगळलेली असेल किंवा पडतच नसेल तर वायर व कॅप पाहावी. मात्र उघड्या हवेत ठिणगी पडणे सोपे असते, दाबलेल्या मिश्रणात कठीण. म्हणून ‘ठिणगी पडते’ एवढ्यावर वायरीला निर्दोष ठरवू नये.

ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटखाली असल्याने हे काम सीट उचलून करावे लागते. जेथे सायलेन्सरच्या फांद्यांपर्यंत हात पोचतो तेथे आणखी एक सोपी रीत आहे : गार इंजिन मिनिटभर चालवून बंद करावे व प्रत्येक फांदीवर पाण्याचा एकेक थेंब टाकावा. जेथे थेंब चुरचुरत नाही तो सिलिंडर पेटत नाही.

इंजेक्टर असलेल्या नवीन गाड्यांत प्लगची वायर काढून इंजिन चालवू नये. तेथे एकेका इंजेक्टरचे कनेक्टर काढून पाहता येते. त्यामुळे पेट्रोलच थांबते व कन्व्हर्टरला इजा होत नाही. या गाड्यांत ‘चेक इंजिन’चा पिवळा दिवा असतो. तो सतत जळत असेल तर सावकाश गॅरेज गाठावे. लुकलुकत असेल तर कन्व्हर्टर धोक्यात आहे असे समजून रेस कमी करावी व गाडी थांबवावी. स्कॅनर लावल्यावर पी०३०१ आले तर पहिला सिलिंडर, पी०३०२ आले तर दुसरा, याप्रमाणे क्रमांक कळतो. पी०३०० म्हणजे कोणताही एक नव्हे, अनेक सिलिंडर चुकत आहेत. स्कॅनर फक्त सिलिंडर सांगतो, कारण सांगत नाही. कोड आला म्हणून लगेच इंजेक्टर बदलण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानण्यापूर्वी पुढील अदलाबदल करून पाहावी.

अदलाबदल

मेलेल्या सिलिंडरचा प्लग चांगल्या सिलिंडरमध्ये व चांगल्याचा मेलेल्यात बसवावा. दोष प्लगबरोबर दुसरीकडे गेला तर प्लग खराब. जागचा हलला नाही तर प्लग निर्दोष. मग वायर, आणि ज्या गाडीत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉईल असते तेथे कॉईल, अशीच बदलून पाहावी. डिस्ट्रिब्युटरच्या गाडीत वायर बदलताना तिची दोन्ही टोके मूळ क्रमानुसारच लागली पाहिजेत. काढण्यापूर्वी प्रत्येक वायरीला क्रमांकाची चिठ्ठी बांधावी. एका वेळी एकच बदल करावा. दोन बदल एकदम केले आणि गाडी सुधारली, तर कशाने सुधारली हे कळत नाही. या रीतीला एक पैसाही खर्च नाही, तरी ती सर्वांत कमी वापरली जाते याचे नवल वाटते.

प्लग काय सांगतो?

प्लग गार इंजिनातूनच काढावा. काढण्यापूर्वी भोवतालची धूळ व वाळू फुंकून किंवा ब्रशने साफ करावी, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये पडते. तिन्ही प्लग क्रमाने फळीवर मांडून तुलना करावी. टोकाचा रंग फिकट तांबूस किंवा करडा असेल तर उत्तम. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा एअर फिल्टर तुंबलेला. तेलकट काळा थर म्हणजे रिंगांतून किंवा व्हॉल्व्हच्या सीलमधून ऑईल वर येते. पेट्रोलने ओला म्हणजे मिश्रण आले पण पेटले नाही. टोक पांढरेफटक पडलेले असेल तर मिश्रणात हवा जास्त आहे किंवा इंजिन फाजील तापते. चिनी मातीच्या भागाला केसाएवढा तडा असला तरी तो प्लग टाकून द्यावा. ग्रास कटर व पॉवर स्प्रेच्या प्लगचे वाचनही बरेचसे असेच करता येते. मात्र टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्येच ऑईल असल्याने थोडा तेलकटपणा तेथे दोष समजू नये.

ओम्नी व ८०० साठी प्लगचा गॅप ०.७ ते ०.८ मि.मी. ठेवावा, इतर गाड्यांसाठी त्यांच्या पुस्तिकेतील माप पाहावे. माप फिलर गेजनेच घ्यावे. सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचे असल्याने प्लग आधी बोटांनी फिरवीत शेवटपर्यंत न्यावा, सुरुवातीपासून पाना लावू नये; आटा चुकला तर हेडचे काम निघते. बोटांनी टेकल्यावर नवा प्लग पान्याने साधारण अर्धा फेरा आवळावा. तोच प्लग परत बसवताना मात्र अगदी थोडासा ताण पुरे होतो, कारण त्याचे वॉशर आधीच दबलेले असते.

खारी हवा, ओल आणि उंदीर

आपल्या जिल्ह्यासाठी हा भाग महत्त्वाचा आहे. तारकर्ली, देवबाग, आचरा, कुणकेश्वर अशा समुद्रालगतच्या गावांत वाऱ्याबरोबर मिठाचे सूक्ष्म कण येतात. ते डिस्ट्रिब्युटर कॅपवर, वायरींच्या टोकांवर व कॉईलवर बसतात. मीठ हवेतील ओल शोषून घेते आणि ओले मीठ वीज वाहून नेते. मग ठिणगी प्लगपर्यंत न जाता कॅपवरूनच बाजूला पळते. तिच्या वाटेवर कोळशाची बारीक रेघ उमटते. अशी रेघ पडलेली कॅप पुसून सुधारत नाही, ती बदलावीच लागते. पितळी टोकांवरचा हिरवट-पांढरा क्षार कोरड्या फडक्याने व लहान ब्रशने काढावा. कॅप पेट्रोलने धुऊन लगेच इंजिन सुरू करू नये.

पळणारी ठिणगी पाहायची तर अमावास्येच्या सुमारास रात्री बॉनेट किंवा सीट उघडून दिवे मालवून पाहावे. निळ्या ठिणग्या वायरीवर नाचताना स्पष्ट दिसतात. त्या दिसत नसतील तर हातपंपाने स्वच्छ पाण्याचा हलका फवारा वायरींवर मारून पुन्हा पाहावे. पंप औषध फवारणीचा नसावा एवढी काळजी घ्यावी. वायरींची तपासणी मल्टिमीटरनेही होते. तिन्ही वायरी मोजाव्यात. लांब वायरीचा रोध थोडा जास्त येणे साहजिक आहे, पण एकीचाच फार वेगळा आला किंवा काटा हललाच नाही तर ती आतून तुटली आहे.

प्रस्तुत लेखकाच्या गाडीला एका पावसाळ्यानंतर मिसिंग लागले. एका गॅरेजात दोनदा कार्बोरेटर साफ झाला, पेट्रोल पंपही बदलला गेला. दोष होता दुसऱ्या प्लगच्या वायरीत. क्लिपच्या खाली, वरून दिसणार नाही अशा जागी ती उंदराने कुरतडली होती. शेजारीच गवताची उडवी रचलेली होती. रात्री दिवे मालवून पाहिले असते तर पाच मिनिटांत कळले असते. भात, काजू किंवा पेंढा साठविलेल्या मांगरात गाडी ठेवणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा तरी वायरींवर नजर टाकावी.

पेट्रोल व हवा

ठिणगी निर्दोष आढळली तरच पेट्रोलकडे वळावे. भारतात २०२५ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्वत्र मिळते. इथेनॉल पाणी शोषून घेते. पावसाळ्यात दोन-तीन महिने उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत पाणी जास्त झाले की पाणी व इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर होतो, आणि पंप नेमका तळातूनच ओढतो. फिल्टरच्या आधीचा पाईप काढून पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्यावे व थोडा वेळ स्थिर ठेवावे. दोन थर दिसले तर टाकी रिकामी करण्याखेरीज उपाय नाही. चूल, विडी, विजेचे बटण यांपासून दूर राहूनच हे काम करावे. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांतील रबरी पाईप व डायफ्रॅमही या पेट्रोलाने फुगतात किंवा चिरतात, ते पाहावेत.

इनटेक मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून हवा शिरत असेल तर त्या जवळचा एकच सिलिंडर चुकतो. सांध्यांवर साबणाचे पाणी सोडावे. इंजिनाचा आवाज बदलला तर गळती तेथेच. यासाठी पेट्रोल शिंपडण्याची रीत धोक्याची आहे. गॅसवर चालणाऱ्या गाडीत मिसिंग फक्त गॅसवर येत असेल तर गॅस किटचा दोष असू शकतो, पण कमजोर ठिणगी आधी गॅसवरच उघडी पडते, म्हणून प्लग-वायर प्रथम तपासावे.

कॉम्प्रेशन

प्लग, वायर, इंजेक्टर बदलूनही दोष त्याच सिलिंडरमध्ये राहिला तर गॅरेजात कॉम्प्रेशन गेज लावून घ्यावा. इंजिन गरम असावे, सर्व प्लग काढलेले असावेत, कॉईलची जोडणी सोडलेली असावी आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असावा. निरोगी पेट्रोल इंजिनात दर चौ. सें.मी.ला साधारण १० ते १३ किलो दाब मिळतो. आकड्यापेक्षा तीन सिलिंडरांतील फरक महत्त्वाचा. एका किलोहून अधिक फरक आढळला तर कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑईल सोडून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर रिंगा झिजल्या आहेत. वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब एकदम कमी असेल तर त्यांच्या मधल्या जागी गॅस्केट फुटले आहे असे समजावे.

टॅपेट वाजत नाहीत म्हणून इंजिन चांगले, असा गैरसमज आहे. गॅप फार कमी झाला तर आवाज बंद होतो, पण व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही व काही दिवसांत जळतो. रेडिएटरचे पाणी बाहेर न गळता कमी होत असेल, सायलेन्सरमधून सतत पांढरी वाफ येत असेल किंवा ऑईल दुधाळ झाले असेल तर गॅस्केटच गेले आहे. अशी गाडी पुढे चालवू नये आणि गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये.

डिझेल गाड्यांना प्लग नसतो. जुन्या डिझेल इंजिनात व होड्यांच्या इंजिनात नॉझलच्या पाईपचे नट एकेक करून सैल करीत मेलेला सिलिंडर ओळखतात. कॉमन रेलच्या नवीन गाड्यांत मात्र हे चुकूनही करू नये. तेथील डिझेलचा दाब हजार बारच्या वर असतो. त्याची बारीक धार कातडी भेदून शरीरात शिरते.

घाटात मिसिंग सुरू झाले तर

लगेच खालचा गिअर टाकावा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरू नये आणि पुढच्या रुंद जागी गाडी बाजूला घ्यावी. चाकाला दगड लावावा. इंजिन बंद करून प्लगच्या टोप्या एकेक करून दाबून बसवाव्यात. खड्ड्यांच्या रस्त्यावर त्या सैल होतात व पुष्कळदा एवढ्यानेच काम भागते. भागले नाही तर वरील रीतीने मेलेला सिलिंडर शोधून त्याचा प्लग बदलावा. तरीही सुधारणा नसेल तर भरलेल्या पेट्यांसह घाट चढण्याचा हट्ट करू नये. निम्मा माल दुसऱ्या वाहनात द्यावा किंवा उताराने मागे फिरावे.

यासाठी हंगामात गाडीत प्लग-पाना, गॅप करून ठेवलेले दोन नवे प्लग, सर्वांत लांब मापाची एक प्लग-वायर, पक्कड, कोरडे सुती फडके व बॅटरी एवढे साहित्य असावे. बदललेल्या प्लगची तारीख व किलोमीटर औषध फवारणीच्या वहीतच शेवटच्या पानावर लिहून ठेवावे. जूनमध्ये गाडी उभी करून ठेवणार असल्यास ती पेंढ्यापासून दूर ठेवावी, आणि चतुर्थीच्या आधी बाहेर काढताना प्रथम वायरी व पेट्रोल तपासून मगच चावी फिरवावी.